फ्रेंच वसाहतींतले पूर्वज आणि त्यांची आडनावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस, रीयुनियन आणि पाँडिचेरी या ठिकाणी पूर्वज शोधणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणाचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे गेलेले असतात, कुणाची सून रीयुनियनची असते, तर कुणाच्या आजीचं माहेर कराईकलचं. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: या शोधात आडनाव हा सगळ्यात कच्चा धागा आहे. नोंदीचा क्रमांक, आईचं नाव आणि गाव हे धागे पक्के.

१. घरात एवढंच सांगतात की पणजोबा 'फ्रेंच बेटावर' गेले होते. सुरुवात कुठून करू?

आधी बेट कोणतं ते नक्की करा. मॉरिशस आणि रीयुनियन (हे आजही फ्रान्सचाच भाग) ही हिंदी महासागरातली शेजारची बेटं आहेत आणि दोन्हीकडची क्रिओल बोली फ्रेंचमधून आलेली आहे. त्यामुळे घरच्या आठवणींत दोन्ही 'फ्रेंच' होऊन जातात. मुंबई बंदरातून करारावर गेलेला माणूस बहुतेक करून मॉरिशसला गेलेला असतो. रीयुनियनची भरती मुख्यतः पाँडिचेरी, कराईकल, यानम या भारतातल्या फ्रेंच वसाहतींतून आणि पुढे कलकत्त्याकडून होत असे.

त्यानंतर उलट्या दिशेने चाला. पणजोबांपासून सुरुवात करू नका. घरात हयात असलेल्या सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीचा जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला मिळवा, त्यावरून तिच्या आईवडिलांच्या विवाहाची नोंद आणि तिथून त्याआधीची पिढी. फ्रेंच पद्धतीच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावं, वय, व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण असतं. म्हणूनच एका विवाहनोंदीतून दोन घराण्यांचा माग मिळतो.

२. मॉरिशस तर इंग्रजांचं होतं. मग फ्रेंच पद्धतीचा काय संबंध?

१७१५ ते १८१० हे बेट फ्रेंचांकडे होतं आणि त्याचं नाव 'ईल द फ्राँस' असं होतं. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि धर्म कायम ठेवण्याचं वचन दिलं. नेपोलियनची नागरी संहिता तिथे १८०५ मध्येच लागू झाली होती आणि ती पुढेही चालू राहिली. त्यामुळे आपल्या लोकांचे बोटीतून उतरतानाचे कागद इंग्रजी कारभाराचे आहेत, तर त्यांच्या मुलांच्या जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी ज्या चौकटीत झाल्या ती चौकट फ्रेंच कायद्याची आहे. आडनावांचा बराचसा गोंधळ या दोन पद्धतींच्या सांध्यावर झालेला आहे.

३. आमचं आडनाव मॉरिशसच्या याद्यांत कुठेच सापडत नाही. पूर्वज तिथे गेलेच नव्हते का?

गेले असतील, फक्त आडनावाने गेले नसतील. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'ॲटलस' हे जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर उतरले. उतरण्याची ती जागा म्हणजे आजचा आप्रवासी घाट. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

घाटावर कारकून नाव विचारी, बापाचं नाव विचारी. कोकणातला शेतकरी 'सखाराम' म्हणे, बापाचं 'विठोबा' सांगे, आणि तेवढंच लिहिलं जाई. गावात त्याला आडनाव लावून हाक मारण्याची वेळ क्वचितच आली असणार, मग परक्या बंदरात तो ते आपणहून का सांगेल? पुढे त्याला मूल झालं की फ्रेंच धाटणीच्या नोंदवहीत आडनावाचा रकाना आला, आणि त्यात बापाचं एकुलतं एक नाव बसलं. अशा रीतीने सखाराम हे घराण्याचं आडनाव झालं. आज मॉरिशसमधल्या अनेक मराठी कुटुंबांची आडनावं म्हणजे मूळ पुरुषाचं किंवा त्याच्या बापाचं पाळण्यातलं नाव आहे.

म्हणून शोध घ्यायचा तो क्रमांकाचा. उतरलेल्या प्रत्येकाला एक आप्रवासी क्रमांक मिळे. तो पुढे त्याच्या कामाच्या कागदांवर आणि पुष्कळदा लग्नाच्या व मुलांच्या जन्माच्या नोंदींतही येतो. हा क्रमांक हाती लागला की मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या भारतीय आप्रवासन दप्तरात मूळ नोंद शोधता येते. त्या नोंदीत जहाज, बंदर, वय, उंची, अंगावरची खूण, बापाचं नाव, जात, जिल्हा आणि गाव अशी माहिती असू शकते. १८६० च्या दशकापासून काहींची छायाचित्रंही आहेत. पाचव्या पिढीला आपल्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तो इथे, आणि त्यासाठी केलेली सगळी खटपट सार्थकी लागते.

एक इशारा: 'बॉम्बे' हे चढण्याचं बंदर आहे, गाव नव्हे. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी, सातारा असं काही दिसेपर्यंत गाव ठरवू नका.

४. एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी लिहिलं आहे. तो एकच माणूस कसा ओळखायचा?

कारकून कानाने ऐकून लिहीत, आणि कान इंग्रजी की फ्रेंच यावर स्पेलिंग ठरे. 'ऊ' साठी इंग्रज कारकून दोन ओ लिही, फ्रेंच कारकून ओ आणि यू. 'च' साठी फ्रेंच कारकून टी-सी-एच लिही, 'ज' साठी डी-जे. फ्रेंच कानाला 'ह' ऐकूच येत नाही, त्यामुळे भिकाजीतला 'भ' नुसता 'ब' होतो आणि हरी 'अरी' होऊन ए अक्षराखाली जाऊन बसतो. लक्ष्मणचं लछमन, लचमून असं काहीही होऊ शकतं.

म्हणून नाव देवनागरीत लिहून मोठ्याने म्हणा, आणि फ्रेंच माणूस ते कसं ऐकेल तशी पाच-सहा रूपं तयार ठेवा. संगणकावर शोधताना पहिलं अक्षर सोडून शोधण्याची सोय असेल तर ती वापरा. माणूस तोच आहे हे मात्र नावावरून ठरवू नका. क्रमांक, बायकोचं नाव आणि मळ्याचं नाव या तिन्हींपैकी दोन जुळले तरच पुढे जा.

५. रीयुनियनच्या नोंदींत पूर्वजापुढे 'मलबार' लिहिलं आहे. म्हणजे ते केरळचे का?

नाही. त्या बेटावर दक्षिणेकडून आलेल्या जवळपास प्रत्येक हिंदू मजुराला 'मलबार' म्हणत, आणि त्यातले बरेचसे तमिळ होते. गुजरातकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांना 'झाराब' म्हणत. 'क्रेओल' याचा नोंदींतला अर्थ बेटावर जन्मलेला, मग तो कुठल्याही वंशाचा असो. सगळ्यात जास्त फसगत 'कास्त' या रकान्याने होते. गुलामांच्या नोंदींत तो आपली जात सांगत नाही. तिथे मालागासी (मादागास्करचा), काफ्र (आफ्रिकेचा), भारतीय, क्रेओल असं मूळ लिहिलेलं असतं.

रीयुनियनला करारबद्ध मजूर १८२८ मध्येच यानमहून गेले होते, पण मोठी लाट आली ती १८६० च्या फ्रेंच-ब्रिटिश करारानंतर. मजुरांच्या हालाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने ही भरती थांबवली. इथेही प्रत्येकाला 'मात्रिक्यूल', म्हणजे नोंदणीचा, क्रमांक होता. शोधाची रीत प्रश्न ३ मधलीच, फक्त दप्तर वेगळं: रीयुनियनची राजधानी सँ-दनी, तिथलं जिल्हा अभिलेखागार.

६. सुनेच्या माहेरी सांगतात की त्यांचं आडनाव १८४८ मध्ये 'मिळालं'. आडनाव मिळतं म्हणजे काय?

२० डिसेंबर १८४८ रोजी रीयुनियनमध्ये गुलामगिरी संपल्याची घोषणा झाली आणि सुमारे ६२,००० माणसं स्वतंत्र झाली. त्या दिवसापर्यंत कायद्याच्या लेखी त्यांना आडनाव नव्हतं. मालकाच्या नावाखाली एक नाव, वय आणि मूळ, एवढीच त्यांची नोंद. नागरिक व्हायचं तर आडनाव हवं, म्हणून खास नोंदवह्या उघडल्या आणि कारकुनांनी हजारो नावं पाडली. बेटावरच्या गोऱ्या घराण्यांची नावं टाळायची होती. मग अक्षरं उलटसुलट करून नवी नावं बनवली, रोमन इतिहासातली घेतली, झाडाझुडपांची, महिन्यांची घेतली. काही नावं तर उघड अपमान करणारी आहेत. ती आजही लोक लावतात, आणि त्यामागचं कारण कळल्यावर ताठ मानेने लावतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शोधाच्या दृष्टीने या नोंदवह्या म्हणजे उंबरठा आहेत. त्यांत नव्या आडनावाशेजारी गुलाम असतानाचा जुना नोंदणी क्रमांक असेल, तर त्यावरून मागे जाता येतं. १८४८ च्या अलीकडे माणूस स्वतःच्या नावाने सापडतो, पलीकडे मालकाच्या नावाने. म्हणून मालकाची नोटरीकडची कागदपत्रं पाहावी लागतात: मळ्याची विक्री, मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, जनगणना. त्या यादीत बैलांच्या आणि कढयांच्या ओळींमध्ये माणसांची नावं आणि किमती येतात. मन घट्ट करूनच ती वाचावी. त्या आधीच्या शतकात भारतातून नेलेले गुलामही या याद्यांत भेटतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवरही १८४८ मध्ये अशाच नोंदवह्या झाल्या.

७. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी आहेत. नोंद चुकली का?

बहुतेक वेळा चुकलेली नसते. फ्रेंच कायद्यात विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला, ज्या पालकाने आधी अधिकृतपणे स्वीकारलं त्याचं आडनाव मिळे. आपल्या लोकांची लग्नं देवळात किंवा मांडवात लागत, पण नगरपालिकेत नोंदली नाहीत तर कायद्याच्या दृष्टीने ती लग्नं नव्हतीच. मग थोरलं मूल आईच्या नावाने नोंदलं जाई, मधल्याला बाप स्वीकारी, आणि धाकटं नोंदणी-विवाहानंतर जन्मे. तिघांचे आईवडील एकच, पण कागद तीन तऱ्हांचे.

यावर उपाय नोंदीतच असतो. आईवडिलांनी पुढे लग्न नोंदलं तर त्याच वेळी आधीच्या मुलांनाही औरस म्हणून स्वीकारता येई, आणि त्यांची नावं विवाहनोंदीच्या शेवटी येतात. शिवाय जन्मनोंदीच्या समासात शेरे असतात. लग्नाचा शेरा १८९७ च्या कायद्यापासून आणि मृत्यूचा १९४५ पासून लिहिला जातो. समास कापलेली छायाप्रत मिळाली असेल तर पूर्ण पानाची मागा.

८. पणजीच्या लग्नानंतरच्या नावाने काहीच मिळत नाही. कुठे शोधू?

माहेरच्या नावाने शोधा. फ्रेंच नागरी नोंदींत स्त्री जन्मापासून मृत्यूपर्यंत जन्मनावानेच राहते. नवऱ्याचं आडनाव ती व्यवहारात वापरते, पण मूळ नाव बदलत नाही. मृत्युनोंदीतही आधी तिचं माहेरचं नाव आणि मग 'अमक्याची पत्नी' किंवा 'अमक्याची विधवा' असं येतं.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत याच्या अगदी उलट होतं. तिथे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदललेलं, आणि माहेर कंसात, तेही असलं तर. कितीतरी मराठी घरांत पणजीचं माहेरचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. फ्रेंच वहीत मात्र मळ्यावर राबणाऱ्या मजूर बाईचंही जन्मनाव शिल्लक आहे. म्हणून अडलं की मी नेहमी आईकडच्या बाजूने शोधायला सांगते. एकाच नावाचे दहा पुरुष त्या गावात सापडतील, पण त्याच बायकोसह सापडणारा एकच असेल.

९. आडनावात 'द' आहे. म्हणजे घराणं सरदारांचं?

'द' म्हणजे 'अमक्या ठिकाणचा'. नुसत्या त्यावरून काहीच ठरत नाही. वसाहतींत एका घराण्याच्या शाखा वाढल्या की त्या ओळखायला जमिनीचं नाव जोडत आणि पुढे तेच आडनाव होऊन बसे. रीयुनियनमधलं प्रसिद्ध पानों घराणं पाहा. एका शाखेने 'देबासँ' जोडलं, तिच्यातल्या एका पोटशाखेने 'द रिशमों' जोडलं, आणि त्याच पोटशाखेतला एजेन १८२६ मध्ये पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला. याद्यांत हे कुटुंब तीन वेगवेगळ्या अक्षरांखाली सापडतं. १७३५ पासून मॉरिशस आणि रीयुनियन या दोन्ही बेटांचे गव्हर्नर असलेले ला बुर्दोने यांचंही मूळ आडनाव माए. म्हणून जोडनाव असेल तर त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा शोधा. पाये, ग्रोंदँ, ओआरो ही तर रीयुनियनमधली इतकी सर्रास आडनावं आहेत की नुसत्या आडनावावर नातं जोडणं व्यर्थ आहे.

१०. पाँडिचेरीच्या तमिळ कुटुंबाचं आडनाव अस्सल फ्रेंच कसं? मिश्र वंश आहे का?

वंशाचा संबंध असेलच असं नाही. फ्रेंच भारतात १८१९ पासून फ्रेंच संहिता लागू होत्या, पण भारतीयांना विवाह, वारसा वगैरे बाबतींत आपापल्या रूढी पाळायची मुभा होती. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने असं ठरलं की, ज्याला ही रूढी सोडून पूर्णपणे फ्रेंच नागरी कायद्याखाली यायचं असेल त्याने तसं जाहीर करावं आणि घराण्याचं एक आडनाव निवडावं. हा निर्णय परत फिरवता येत नसे. अशा लोकांना 'रनोंसाँ', म्हणजे रूढी सोडणारे, म्हणतात.

तमिळ पद्धतीत आडनाव नसतंच, बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. त्यामुळे आडनाव नव्याने निवडावं लागलं. कुणी फ्रेंच शब्द घेतला, कुणी संताचं नाव, कुणी आजोबांचं तमिळ नाव कायम ठेवलं. रूढी सोडण्याच्या या चळवळीतले पुढारी, वकील पोन्नुतंबी पिल्लै, 'लापोर्त' झाले. याच पोन्नुतंबींना १८७३ मध्ये युरोपीय बूट घालून न्यायालयात आल्याबद्दल रोखलं होतं आणि त्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली होती. ज्यावरून जात ओळखू येते ते नाव टाकून देणं ही अनेकांसाठी मुक्ती होती. त्या फ्रेंच आडनावाकडे नक्कल म्हणून पाहणं अन्यायाचं होईल.

शोधासाठी रनोंसिएशनची, म्हणजे रूढी सोडल्याची, नोंद महत्त्वाची. तिच्यात जुनं नाव, नवं आडनाव, बायको आणि अल्पवयीन मुलं एकत्र येतात.

११. फ्रेंच वसाहतींशी मराठी मुलखाचा किंवा गोव्याचा आणखी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. कराईकल फ्रेंचांकडे गेलं ते १७३९ मध्ये, तंजावरच्या भोसले दरबाराशी झालेल्या व्यवहारातून. तिकडच्या सुरुवातीच्या कागदांत मराठी नावं आली तर नवल वाटायला नको. आणि रीयुनियनच्या, म्हणजे तेव्हाच्या बुर्बोंच्या, अगदी पहिल्या कुटुंबांतल्या काही आया पोर्तुगीज भारतातून १६७८ च्या सुमारास आलेल्या आहेत. नोंदींत त्या 'इंदो-पोर्तुगीज' म्हणून येतात, परेरासारख्या नावांनी. बेटावरच्या असंख्य गोऱ्या समजल्या जाणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी या बायकांपर्यंत पोचतात.

१२. मूळ नोंदी आज कुठे आहेत? घरबसल्या पाहता येतात का?

बऱ्याचशा येतात, तेही फुकट. जून १७७६ च्या राजाज्ञेने वसाहतींतल्या नोंदवह्यांची एक जादा प्रत फ्रान्सला पाठवणं सक्तीचं झालं. उष्ण हवा, वाळवी, वादळं यांत बेटांवरच्या वह्या गेल्या तरी ही प्रत वाचली. ८ मे १९०२ रोजी मार्तिनिकचं सँ-पिएर शहर ज्वालामुखीत भस्म झालं, तरी तिथल्या कुटुंबांना आपली मुळं शोधता येतात ती याच दूरदृष्टीमुळे. या प्रती फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या सागरपार अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर वसाहत, गाव व वर्ष निवडून पानं पाहता येतात. पाँडिचेरी, कराईकल, माहे, यानम, चंद्रनगर हे सगळे तिथे आहेत. अलीकडच्या काळासाठी फ्रान्सच्याच नाँत शहरातलं नागरी नोंदींचं केंद्रीय कार्यालय. स्थानिक भारतीयांच्या अनेक नोंदी पाँडिचेरीच्या नगरपालिकेतही आहेत.

वही उघडली की शेवटची पानं आधी पाहा. वार्षिक सूची बहुधा तिथे असते.

१३. तारीख 'प्लुव्हिओज, वर्ष ७' अशी लिहिली आहे. ही कोणती?

क्रांतीनंतरचं फ्रेंच प्रजासत्ताक कॅलेंडर. ते १८०५ च्या अखेरीपर्यंत चाललं. वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे वर्ष ७ चा प्लुव्हिओज म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १७९९. रूपांतराचे तक्ते सहज मिळतात.

१४. आजोबांचा जन्म १९५५ चा आहे. त्यांचा दाखला मला मिळेल का?

फ्रेंच कायद्यानुसार जन्म आणि विवाहाच्या नोंदी ७५ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. त्याआधी पूर्ण प्रत स्वतः व्यक्ती, तिचा जोडीदार, थेट पूर्वज किंवा थेट वंशज यांनाच मिळते. तुम्ही नातू किंवा नात असल्याने मागू शकता, पुतण्या असता तर नाही. मागताना 'पूर्ण प्रत' असंच लिहा, कारण संक्षिप्त दाखल्यात समासातले शेरे पूर्ण येत नाहीत (प्रश्न ७).

१५. लग्नाची नोंद आहे, पण जन्माची कुठेच नाही. वाट संपली का?

नाही. जन्मदाखला नसलेल्याला लग्न करता यावं म्हणून फ्रेंच संहितेत सोय होती. सात साक्षीदारांनी न्यायाधीशापुढे त्याचं नाव, आईवडील, जन्माचं ठिकाण आणि अंदाजे वेळ सांगायची. भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत हा कागद सोन्यासारखा, कारण त्यात गाव येतं. विवाहनोंदीला जोडलेल्या कागदांत तो शोधा. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. ते बहुधा एकाच बोटीतून आलेले किंवा एकाच गावचे असतात.

१६. डीएनए चाचणी करून नातं सिद्ध करू का?

फ्रान्समध्ये हौसेखातर वंशशोधाची डीएनए चाचणी करणं कायद्याने मना आहे आणि त्यासाठी दंड आहे. तिथले नातेवाईक नकार देतात, त्याचं हे एक कारण. इतर देशांत केलेली चाचणी दिशा दाखवेल, पण फ्रेंच कार्यालयात ती पुरावा म्हणून चालणार नाही.

१७. आजी पाँडिचेरीची फ्रेंच नागरिक होती. मला नागरिकत्व मिळेल?

वंशावळ पूर्ण असली तरी उत्तर १९६२ वर अवलंबून आहे. पाँडिचेरी आणि इतर फ्रेंच वसाहती भारताला देण्याचा हस्तांतराचा करार १६ ऑगस्ट १९६२ ला अमलात आला. तिथे जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक त्या दिवशी भारतीय झाले. फ्रेंच राहायचं असल्यास सहा महिन्यांत लेखी कळवायचं होतं, आणि सुमारे ५ हजार लोकांनी ते केलं. जे तेव्हा भारताबाहेर राहत होते त्यांना वेगळा नियम होता. म्हणून आजीने निवड केली होती का, आणि त्या दिवशी ती कुठे राहत होती, हे दोन प्रश्न आधी सोडवा. तिसरी अडचण अशी की, अर्धशतकाहून जास्त काळ घराणं फ्रान्सबाहेर राहिलं आणि दरम्यान कुणी फ्रेंच म्हणून वावरलंच नाही, तर वंशावरून नागरिकत्व सिद्ध करण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. इथे वकिलाचा सल्ला घ्याच.

१८. माझ्या फ्रेंच दाखल्यावर एक आडनाव आणि भारतीय कागदांवर दुसरं. कोणतं खरं धरायचं?

फ्रान्सच्या दृष्टीने जन्मनोंदीतलं. १७९४ च्या कायद्यापासून तत्त्व हेच आहे की जन्मनोंदीत नसलेलं नाव कुणी लावू नये. नोंदीत कारकुनाची उघड चूक असेल तर सरकारी अभियोक्त्याकडे अर्ज करून ती दुरुस्त करता येते, त्यासाठी आधीच्या पिढीच्या नोंदी जोडा. जुलै २०२२ पासून सज्ञान व्यक्तीला आयुष्यात एकदा, साध्या अर्जावर, आईचं किंवा वडिलांचं आडनाव किंवा दोन्ही घेता येतात. पण पणजोबांचं मराठी आडनाव परत लावायचं असेल तर हा सोपा मार्ग चालत नाही, कारण ते आईवडिलांपैकी कुणाचंच नाही. त्यासाठी न्यायखात्याकडे कारणं देऊन अर्ज करावा लागतो, आणि तिथे प्रश्न ३ मधला आप्रवासी क्रमांक व गावाची नोंद जोडलेली असेल तर अर्जाला आधार मिळतो.